बबनमामांच्या न दिसणाऱ्या कातऱ्या

बबनमामांना कुणी जखम दाखवली की ते आधी डोळे मिटायचे. नवीन माणूस घाबरायचा. त्याला वाटायचं, रक्त बघून यांनाच चक्कर आली. मग मामा पुढे वाकायचे, नाक पार जखमेच्या काठापाशी न्यायचे आणि बाजारात खरबूज हुंगावं तसं दोनदा हुंगायचे. डोळे उघडून निकाल द्यायचे. "चांगली हाय. शनिवारपत्तुर भरंल." नाहीतर, "ही बिघाडली. गाडी काढा." तिसरा निकाल नसायचा. माझा देवाधर्मावर, ज्योतिषावर विश्वास नाही, पण त्या नाकावर मात्र माझी श्रद्धा बसली होती. आज त्या श्रद्धेची लाज वाटते, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची वाटते. ते पुढं येईलच.

आमची कंपनी चाकणला, पत्रे दाबून गाड्यांचे भाग काढणारी. मी तिथं सेफ्टी विभागात आहे. ऐकायला भारी वाटतं, पण माझं सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारं काम एकच: गेटवरच्या फळ्यावर 'अपघाताविना दिवस' असं लिहिलंय, त्याच्यापुढचा आकडा रोज सकाळी एकानं वाढवायचा. मामा मला 'फळेवाले साहेब' म्हणायचे. चारचौघांत म्हणायचे आणि वर मिशीत हसायचे. मला राग यायचा, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या फळ्याची एक गंमत सांगतो. आकडा लहान असतो तोवर माणूस बोट कापलं तर बोंबलत येतो. आकडा मोठा झाला की तोच माणूस बोटाला चिंधी बांधून गप्प मशीनवर उभा राहतो. मोठा आकडा त्याच्यापायी शून्यावर आला तर सगळी शिफ्ट त्याला शिव्या घालणार, सगळ्यांचं बक्षीस बुडणार, सुपरवायझर वर्षभर डूख धरणार. म्हणून पाचशे दिवस झाले की आमच्याकडे माणसं जखमा लपवायला लागतात. हे मला माहीत होतं, मॅनेजरला माहीत होतं, आणि फळा तरी रोज वाढत होता.

मामांची प्रथमोपचाराची खोली गेटच्या आत डाव्या हाताला. एक खाट, एक कपाट, एक शेगडी आणि मामा. मूळचे तिथलेच. कंपनी यायच्या आधी ती जमीन त्यांच्या घराची. "हितं आमची कांद्याची चाळ व्हती," खाटेवर हात आपटून सांगायचे, "आन तुमच्या हजेरीच्या गेटवर गोठा. म्हनून म्हनतो, रांगेत उभं राहायचं ते जरा दमानं." जमीन गेल्यावर मामा सांगवीच्या एका दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागले, तिथं तीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या, आणि उतारवयात ठेकेदारामार्फत आमच्या कंपनीत आले. "शेतात परत आलो बगा, पगारावर," असं म्हणायचे. ते हसून म्हणायचे, पण ऐकणारा सहसा हसायचा नाही.

हात कोपरापर्यंत धुवायचे. दिवसातून वीस वेळा. पट्टीची गाठ मारली की तिचं टोक आत खोचून वरून अंगठ्यानं दाबायचे, लहान पोराच्या गालाला लावावा तसा. आणि जखमेवर कुणी काही भलतंच लावून आला की त्यांचा पारा चढायचा. एका फिटरनं कापलेल्या तळव्यावर मिसरी दाबली होती. "जखमंला दात हैत व्हय रं मुडद्या, मिसरी लावायला?" असं ओरडून त्यांनी त्याला अर्धा तास नळाखाली धरून ठेवला होता. फिटर पन्नाशीचा. पण शाळकरी पोरागत उभा राहिला.

नाकाची ख्याती कॅन्टीनमध्ये झाली. कोरोनाच्या आधीची गोष्ट. जेवणाच्या रांगेत मामा माझ्या पुढे उभे. आमटीला फोडणी बसलेली, सगळीकडे लसणाचा घमघमाट. मामा एकदम थांबले, मान वर केली. "कोन हाय रं?" म्हणाले. रांगेतली माणसं हसली. मामा रांगेच्या कडेनं हुंगत हुंगत निघाले, आणि वेल्डिंगच्या एका पोरापाशी उभे राहिले. "खिशातला हात काढ." तो काढेना. मामांनी मनगट धरून ओढला. बोटाला चार दिवसांपासून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. टेप सोडवल्यावर जे दिसलं त्यानं माझी जेवणाची इच्छा मेली. बोट वाचलं, पण डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवसांनी नसतं वाचलं.

फळा शून्यावर आला. मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून फाडून खाल्लं. मी तसाच तणतणत मामांच्या खोलीत गेलो. "मामा, गुपचूप मला सांगता नाही का आलं? भर कॅन्टीनमध्ये तमाशा कशाला?" मामा बँडेज गुंडाळत होते. "फळा परत लिवता येतो साहेब," एवढंच म्हणाले आणि मला चहा दिला. चहा मी प्यालो. काय करणार, चहा चांगला करायचे.

दर गुरुवारी कंपनीत डॉक्टर मॅडम यायच्या. तरुण, उत्साही, शिकवायची हौस असलेल्या. मामा त्यांच्यासमोर वही-पेन घेऊन बसायचे, आणि इतके प्रश्न विचारायचे की मॅडम दमायच्या. एन्झाइम हा शब्द मामांना त्यांच्याकडून मिळाला. प्रोटीन कापणारी एन्झाइम. मामांनी त्यांचं लगेच बारसं करून टाकलं: कातऱ्या.

"ऐका," ते मला सांगायचे. मी नको म्हटलं तरी सांगायचे. "कापलं की रगात येतं. रगताचं जाळं व्हतं, त्याची खपली. मंग नवं कातडं कुटनं येतं? काठानं येतं, खपलीखालनं सरपटत. पन पुढं तर जाळंच जाळं. मंग त्या कातड्याच्या कनाकनाकडं कातरी असती. डोळ्याला दिसायची न्हाई. म्होरचं तोडायचं आन पाऊल टाकायचं. तोडायचं आन टाकायचं. कातरी नसंल तर कातडं जागचं हालत न्हाई."

"मग कातरी चांगली म्हणायची," मी म्हणालो.

"चांगली? आवं, काम झाल्यावर ती मिटाया पायजे ना! अंगातच तिला कुलूप असतं. जखम भरत आली की कुलूप लागतं. ज्याला साखर हाय, त्याचं कुलूप लागत न्हाई. कातरी चालूच. मेलेलं कापून झालं की नवं मास कापती. अंग वरनं बांधतंय आन खालनं उसवतंय." मामांनी आवाज खाली आणला. "म्हनून साखरवाल्याची जखम बगितली की मला भ्या वाटतं. आपलंच हत्यार, आन आपल्यालाच खातंय."

एका गुरुवारी मॅडमनी साखरेच्या एका पेशंटसाठी पपईच्या चिकापासून केलेलं मलम आणलं. त्यातही कातऱ्याच. बाहेरून आणलेल्या. जखमेवरचं मेलेलं मांस त्या वितळवतात, म्हणजे खालून नव्याला वाट मिळते. मॅडमनी बजावून सांगितलं, मीही ऐकलं: हे लावल्यावर जखम पिवळी, चिकट, घाणेरडी दिसणार. वितळलेलं मांस आणि पू डोळ्यांना सारखेच दिसतात. तेव्हा 'वितळतंय' म्हणून कुणी बसून राहू नका, मला दाखवत जा. मामा हसले. "डोळ्याला सारखं दिसंल, मॅडम. नाकाला न्हाई. वितळल्यालं आंबट येतं, भिजल्या पिठागत. सडल्यालं येगळं." मॅडमनी पेशंट बघितला, मामांनी हुंगून सांगितलेलं तंतोतंत निघालं, आणि मॅडमसुद्धा त्या नाकाच्या भक्त झाल्या.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत मामा बारा दिवस दवाखान्यात होते. परत आले ते निम्मे होऊन, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. मी विचारलं, "वास-चव गेली होती का हो?" तेव्हा सगळ्यांना हाच प्रश्न विचारायचो. "गेली व्हती. आली परत," मामा म्हणाले. मी 'बरं झालं' म्हणून फळ्याकडे गेलो.

काही महिन्यांनी मी त्यांच्या खोलीत शिरलो तर खोली धुरानं आणि जळक्या दुधाच्या वासानं भरलेली. शेगडीवर पातेलं काळं पडत होतं. मामा शेगडीकडे पाठ करून, तीन फुटांवर, शांतपणे कापसाचे बोळे करत बसले होते.

"मामा! दूध!"

ते दचकून उठले. पातेलं उतरवलं. बोट भाजलं. "काय सांगावं साहेब, ध्यानच नव्हतं," म्हणाले आणि हसले. मीही हसलो. पण जाताना दारात मागं वळून पाहिलं, तर मामा ते काळं पातेलं नाकाशी धरून उभे होते. डोळे मिटलेले. बराच वेळ. मी निघून आलो. मला त्या दिवशीच कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी स्वतःला फार वेळा सांगून पाहिलंय, पण जमत नाही.

तरीही मामा हुंगत राहिले. डोळे मिटायचे, वाकायचे, दोनदा हुंगायचे, निकाल द्यायचे. कापल्या-खरचटल्याच्या बहुतेक जखमा आपल्या आपण भरतात, त्यामुळे निकाल खरे ठरायचे. आणि फळा चढत होता. सातशे, आठशे, नऊशे. हजाराव्या दिवशी समारंभ ठरला. सगळ्यांना कुकर, आणि ठेकेदारीवरच्या काही जणांना कायम नोकरीची पत्रं, मोठ्या साहेबांच्या हस्ते.

त्या यादीत संतोष होता. प्रेसवर काम करायचा, धाराशिवकडचा, दापोडीत एका खोलीत बायको आणि मुलीबरोबर राहायचा. वय अडतीस, आणि साखर आताच कळलेली, त्याच्या वडिलांसारखी. पाच वर्षं त्या पत्राची वाट बघत होता. समारंभाला बावीस दिवस राहिले असताना तो लंगडत मामांच्या खोलीत आला. मी तिथंच चहा घेत होतो. बुटाच्या तळातून पत्र्याची कपची आत गेली होती, टाचेच्या पुढं. कधी गेली त्याला कळलंच नव्हतं, पायाला नीट जाणीवच नव्हती. मोज्याला रक्त दिसलं तेव्हा समजलं. जखमेच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या.

मामांनी पाय मांडीवर घेतला आणि सवयीनं जखमा नोंदवायची वही ओढली. किती बारीक लागलं असो, मामा लिहीत; वरवरचं खरचटलेलं आकड्यात धरत नसत, खोल गेलेली जखम धरत. आजवर तो नियम मोडला नव्हता.

"मामा, पाया पडतो, वहीत नका ना लिहू," संतोष म्हणाला. "बावीस दिवस राहिलेत. आकडा माझ्यापायी तुटला तर पत्र गेलं माझं. बायकोनं गावाकडं सगळ्यांना सांगून ठेवलंय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. सेफ्टीचा माणूस मी. मी म्हणालो, "टोचलंय नुसतं, मामा. ड्रेसिंग करा. लिहायचं काय, नंतर लिहू." हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

मामांनी पेन खाली ठेवलं. मग वाकले, डोळे मिटले, दोनदा हुंगलं. "चांगली हाय," म्हणाले. कपाटातून मागच्या पेशंटचं उरलेलं पपईचं मलम काढलं. "काळं हाय तेवढं वितळू दे. कातऱ्यांना जरा मदत."

त्यानंतर संतोष रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा. गुरुवारी मॅडम असायच्या म्हणून तेवढा एक दिवस खोलीकडे फिरकायचा नाही. मामा मन लावून धुवायचे, मलम लावायचे, गाठ दाबायचे. जखम पिवळी झाली, चिकट झाली, पसरली. "वितळतंय," मामा म्हणायचे. "दिसायला घान दिसनारच. वास चांगला हाय."

तेराव्या दिवशी मी दारात उभा होतो. मामांनी पट्टी सोडली आणि मला तो वास आला. कपाटामागं उंदीर मरून पडल्यावर येतो तसा, गोडसर. आंबट नव्हता, भिजल्या पिठासारखा तर मुळीच नव्हता. संतोषनं तोंड फिरवलं, पण त्याला वाटत असावं की असंच असतं. मामा वाकले. डोळे मिटले. दोनदा हुंगलं.

"चांगली हाय," मामा म्हणाले.

मी बोललो नाही. मनाशी म्हटलं, मामांचं नाक माझ्यापेक्षा चांगलं. जळकं दूध आठवत होतं, तरी असं म्हटलं. नऊ दिवस राहिले होते. मी रोज दारापर्यंत जायचो, वास घ्यायचो, आणि परत यायचो. वास रोज वाढत होता, आणि मी दाराच्या जरा अलीकडेच थांबायला लागलो. मला भीती वाटत होती हे खरं. संतोषच्या पायाची वाटत होती तशी फळ्याचीही वाटत होती, आणि त्यातली कुठली मोठी होती हे मला सांगवत नाही.

समारंभाला संतोष नव्या शर्टात आला. अंगात ताप होता. पत्र घेताना हात इतका थरथरत होता की मोठे साहेब म्हणाले, "भावना अनावर झालेल्या दिसतात." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. बायकोनं रिक्षात घालून पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि तिच्याकडून सही घेतली. गुडघ्याखाली काढावा लागला. कायम नोकरीच्या पत्रात खाली बारीक अक्षरात वैद्यकीय तपासणीची अट होती, ती तोवर कुणी वाचली नव्हती.

कंपनीत चौकशी बसली. मामांना विचारलं, वहीत का नाही लिहिलं? मामा म्हणाले, "चूक माजी. मी हुंगलं, मला चांगली वाटली." माझं वाक्य त्यांनी सांगितलं नाही. मी समोरच बसलो होतो, टिपणं घेत होतो. मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मामांना त्याच आठवड्यात घरी पाठवलं.

दोन महिन्यांनी मी दवाखान्यात संतोषला भेटायला गेलो. जिना चढताना वरून मामा उतरत होते. दुपारची वेळ, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ. ते दर दोन दिवसांनी बसनं येत होते म्हणे, त्याच्या बायकोला पट्टी कशी बांधायची ते शिकवत होते. फार खंगले होते. मला पाहून थांबले, कठड्याला धरलं.

"साहेब," म्हणाले, "एक इचारायचंय. खरं सांगा. तुमी रोज दारात उभं असायचा. तुमाला कधी वास आला व्हता?"

माणसं आमच्या बाजूनं वर-खाली जात होती. एका बाईनं 'जरा सरका ना' म्हटलं. मी सरकलो. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते, डॉक्टर मॅडमसमोर वही घेऊन बसायचे तसेच. हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग बोलला का नाहीत?

"नाही मामा," मी म्हणालो. "मला नाही आला."

"न्हाई ना?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी आलं. दोन्ही हातांनी माझा हात धरला. "लई उपकार झाले बगा. दोन महिनं झालं डोळ्याला डोळा न्हाई. मला वाटलं, वास व्हता आन मला एकट्यालाच आला न्हाई. म्हंजे नाक गेलं माजं, आन माज्या हातनं त्या लेकराचा पाय गेला. पन तुमाला बी न्हाई आला म्हंजे वासच नव्हता. साखरंचं हाय हे. कातऱ्या आतनं चालू व्हत्या, त्याला कोन काय करनार."

"हो मामा," मी म्हणालो.

"सांगवीचा दवाखाना बोलावतोय मला," मामा डोळे पुसत म्हणाले. "साखरवाल्यांच्या पायाचा नवा वॉर्ड काडलाय त्यांनी. ड्रेसिंगला जुना मानूस पायजे म्हनत्यात. मी न्हाई म्हनून सांगितलं व्हतं, भ्या वाटत व्हतं. आता जातो. सोमवारपासनं जातो."

हात सोडून ते जिना उतरायला लागले. पाठ एकदम ताठ झाली होती, पावलं भरभर पडत होती. वळणावर थांबून त्यांनी वर पाहिलं, हसले, आणि हात हलवला. मला त्यांना हाक मारता आली असती. जिना लहान होता, आवाज सहज पोचला असता. मी उभा राहिलो आणि त्यांना जाऊ दिलं.